आतल्या बाजूने बसवलेली काच

मोईजने खुर्चीत बसून पहिल्यांदा काच बसवली, तेव्हा काम झाल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. हे आपणच केलं की दुसऱ्या कुणी, अशी शंका त्याला आली होती. समोरच्या स्क्रीनवर एक राखाडी ठोकळा उभा होता. शेजारी बसलेल्या मिनलने सांगितल्याप्रमाणे त्याने काचेच्या छोट्या चौकोनावर माउस नेऊन एकदा दाबलं, मग ठोकळ्याच्या एका बाजूवर एकदा. बाजू निळसर झाली आणि तिच्यातून पलीकडचं दिसू लागलं. दोर ओढावा लागला नाही. खालून कुणी "धर, धर" म्हणून ओरडलं नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं की."

"सगळी बाजू?"

"सगळी बाजू, मोईजभाई."

तो तरीही थोडा वेळ तसाच बसून राहिला. काच बसवल्यावर फिटर लगेच हात काढत नाही. ती जागेवर बसली, तिने भार सोडला, एवढं तळव्याला कळेपर्यंत थांबावं लागतं. इथे तळव्याखाली माउस होता आणि माउसला काहीच कळत नव्हतं.

मोईज काळेवाडीचा. त्याचे वडील लातूरकडून इथे आले आणि एका कारखान्याच्या गेटसमोर पंक्चर काढत त्यांचं आयुष्य गेलं. मोईज मात्र उंचीवर गेला. हिंजवडीच्या कितीतरी इमारतींना त्याने बाहेरून लटकून काच लावली होती. रस्त्याने जाताना तो बायकोला दाखवायचा, ही आपली, ती आपली. सिदरा म्हणायची, "सगळ्या आपल्याच आहेत तर एखादीत आत तरी नेऊन आणा." आत मात्र तो कधीच गेलेला नव्हता. काच लागली की खालचा सुरक्षारक्षकच त्याला हटकायचा.

मग चाकणला एका शोरूममध्ये शिडी सरकली. तेव्हा मोईजच्या हातात काच होती. काच सोडली असती तर कठड्याला धरता आलं असतं, पण काच सोडायची नाही हे त्याच्या हातांना इतकं ठाऊक होतं की त्यांनी त्याला विचारलंच नाही. काच शाबूत राहिली, डावा खांदा गेला. आता तो हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो आणि तिथे थांबतो. सयाजी, त्याचा मालक, ही गोष्ट गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकाने सांगतो, "आमचा माणूस पडला, पण काच पडू दिली नाही, राव!" गिऱ्हाइकं हसतात. मोईजही हसतो.

प्लास्टर निघाल्यावर सयाजीने त्याला चिखलीकडच्या गोदामात बसवलं. काम सोपं होतं, आलं-गेलं बघायचं. पण गाडी आली की पोरं काच उतरवायला धावायची, "उचल, उचल" अशी हाळी उठायची, आणि मोईजचा डावा हात आपोआप वर जायचा. खांद्याच्या रेषेपर्यंत. मग तो हात खाली घेऊन तो बाहेर जाऊन उभा राहायचा. दर गाडीला असंच व्हायचं. महिनाभरात त्याचं जेवण कमी झालं. त्याची आई रोशनबी सयाजीकडे स्वतः गेली आणि म्हणाली, "सयाजी, त्याला काचेपासून लांब ठेव नाहीतर काचेजवळ ठेव. पण असं बघत बसवू नको."

सयाजीचं दुकान थेरगावात, डांगे चौकातून आत वळलं की उजव्या हाताला. खाली काच कापायचं टेबल, वर दोन कॉम्प्युटर. चाकणकडची शेतकरी मंडळी रस्त्याकडेच्या जमिनीवर काहीतरी बांधायचं म्हणतात तेव्हा आर्किटेक्टच्या आधी सयाजीकडे येतात. सयाजी त्यांना इमारतीचा नुसता आकार करून, त्याला काच लावून चित्र दाखवतो. चित्र आवडलं की पुढे इमारत कुणीही बांधो, काचेचं काम सयाजीला मिळतं. ही चित्रं मिनल करायची. पण मिनलचं बंगळुरूच्या नोकरीचं जमत आलं होतं. म्हणून सयाजीने मोईजला वर बोलावलं.

"ती जाईपर्यंत शिकून घे. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर गोदाम आहेच, भावा."

गोदाम हा शब्द ऐकून मोईजने उजव्या हाताने डावा खांदा धरला आणि हो म्हटलं.

शिकणं म्हणजे रोज नवा गोंधळ. मिनल चोवीस-पंचवीसची, शांत, समजावून सांगणारी. पण ती जितकं समजावे तितके मोईजला नवे प्रश्न पडत.

"याला मास म्हणतात. ही इमारत नाही, इमारतीचा ठोकळा आहे. जागेवर केवढी उभी राहील, ऊन कुठून येईल, एवढंच बघायचं."

"मजले?"

"अजून नाहीत."

"जिना?"

"तोही नाही."

"मग काच वर नेली कशी?"

मिनल हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तो थट्टा करत नव्हता.

एकदा तिने त्याला ठोकळ्याच्या लांब बाजूला काच लावायला सांगून जेवणाचा डबा उघडला. डबा संपला तरी मोईजचं काम संपलेलं नव्हतं. त्याने ती बाजू उभ्या-आडव्या रेघांनी कापून तिचे शेकडो तुकडे केले होते आणि तो एकेका तुकड्याला काच लावत होता. कॉम्प्युटर धापा टाकत होता.

"हे काय?"

"मॅडम, एवढी काच येत नाही. लिफ्टमध्येसुद्धा जात नाही. सांधे द्यावेच लागतात."

"सांधे नंतर. आत्ता फक्त कल्पना द्यायची आहे."

तिने तीन बटणं दाबली. त्याची सकाळ पुसली गेली आणि बाजू पुन्हा सलग, निळी, बिनसांध्याची झाली. मोईजला ती बघवेना. एवढी मोठी काच वाऱ्यात काय करेल, हे त्याच्या पोटाला माहीत होतं. त्याने टेबलावरचं मऊ फडकं घेऊन स्क्रीन पुसली, वरून खाली, मग आडवी. काय करावं सुचलं नाही की तो स्क्रीन पुसायचा.

घरी अर्धी हिंदी, अर्धी मराठी चाले. संध्याकाळी सिदरा भाकऱ्या टाकता टाकता विचारी, "आज काय केलं?"

"चार मजले काच."

"चार मजले? एका दिवसात?"

"दुपारच्या आत."

रोशनबी लसूण सोलत बसलेली. "खांद्याला त्रास नाही ना झाला?"

"नाही अम्मी."

"मग?"

"मग काढून टाकली. मॅडम म्हणाल्या, हिरवी लावून बघा."

"काढताना फुटली नाही?"

"ती फुटत नाही, अम्मी."

रोशनबीने पाकळी हातात तशीच धरली. "फुटत नाही? मग लोक तिला काच का म्हणतात?"

"अम्मी, नाही फुटत तेच बरं," सिदरा म्हणाली, "आपल्याकडे खांदा एकच उरलाय." त्यावर सगळ्यात मोठ्याने मोईज हसला. पण प्रश्न अम्मीचा खरा होता.

चैत्रात कोंडीरामभाऊंचं काम आलं. चाकणच्या पुढे रस्त्याला लागून त्यांची जमीन. खाली गाड्यांच्या शोरूमला भाड्याने द्यायला जागा, वर तिघा भावांनी राहायचं, असा विचार. पण तिघांचं एकमत व्हायला तिघं एकत्र यायला हवेत, आणि ते यायचे फक्त गावच्या भैरवनाथाच्या यात्रेला. त्या दिवशी सगळ्यांसमोर चित्र उलगडायचं, असं ठरलं. नेमकी तेव्हाच मिनल मुलाखतीसाठी रजेवर गेली. जाण्याआधी तिने ठोकळा उभा करून ठेवला होता, खाली जमिनीचा उपग्रहातून घेतलेला फोटो अंथरला होता, बाहेरून कुठून बघायचं तेही ठरवून ठेवलं होतं. फक्त काच लावायची आणि एक बटण दाबायचं. मग चित्र तयार होऊन फ्लेक्सवाल्याकडे पाठवायचं.

"मोईज, हे तुझं," सयाजी म्हणाला. "कोंडीरामभाऊंनी पसंत केलं तर मिनलची खुर्ची तुझी. त्यांनी नाही म्हणून मान हलवली तर मग मलाही तोंड राहणार नाही. सोमवारपासून गोदाम."

मोईज कॉम्प्युटरसमोर बसला आणि पहिल्याच झटक्यात त्याचं माउसचं चाक जास्त फिरलं. ठोकळा अंगावर आला, मोठा मोठा होत गेला, आणि भिंत फोडून मोईज आत गेला.

आत काहीच नव्हतं. खांब नाही, मजला नाही, जिना नाही. चारही बाजूंनी राखाडी भिंती, पायाखाली शेताचा फोटो गालिच्यासारखा पसरलेला. मोईज बराच वेळ तिथेच राहिला. इतकी वर्षं तो इमारतींच्या बाहेर लटकत होता. आतली माणसं त्याच्याकडे बघत, मग पडदे ओढून घेत. आज तो एका इमारतीच्या आत आला होता, आणि ती इमारत अजून झालेलीच नव्हती. हे बरोबर आहे की चूक, त्याला ठरवता येईना.

मग त्याला काम आठवलं. सयाजीने सांगितलं होतं, चकाकणारी काच लाव. तिच्या एका अंगाला लेप असतो, आणि तो लेप इमारतीच्या आतल्या बाजूला यावा लागतो, नाहीतर पावसाने उडतो. फिटर किल्लीचं टोक काचेला टेकवून बघतो. टोक आणि काचेतलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडलं की लेप त्या अंगाला. मोईजने नव्या पोरांना हे कितीदा शिकवलं होतं. स्क्रीनला किल्ली लावून उपयोग नव्हता, पण तत्त्व तेच असणार. लेप आतून, म्हणजे काच आतून लावायची. बरं झालं, आपण आतच आलो.

त्याने आत राहूनच एकेका भिंतीला काच लावली. एकेक भिंत विरत गेली आणि लांबवर शेत दिसू लागलं. काम संपल्यावर त्याने चारही दिशांना नजर फिरवली. कुठे बुडबुडा नाही, ओरखडा नाही. मग त्याने मिनलने दाखवलेलं बटण दाबलं.

बाहेरून घेतलेलं चित्र पट्टी पट्टीने उतरत गेलं. इमारत राखाडी दिसत होती. मोईज चपापला. मग त्याला आठवलं, दुपारच्या वेळी रस्त्यावरून लेपाची काच अशीच तर दिसते, करडी, निर्जीव, आतलं काही न दाखवणारी. म्हणजे लेप बरोबर बाजूला बसला. त्याने समाधानाने स्क्रीन पुसली आणि चित्र फ्लेक्सवाल्याकडे पाठवून दिलं.

यात्रेच्या दिवशी कोंडीरामभाऊंच्या अंगणात मांडव होता. तिघे भाऊ, त्यांची पोरंबाळं, चुलत नातलग, सगळी जमली होती. सयाजीने गुंडाळी आणली. एक टोक कोंडीरामभाऊंच्या मुलाने, माऊलीने धरलं, दुसरं धाकट्या काकांनी, आणि फ्लेक्स ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उलगडला.

सगळे पुढे वाकले. मांडवाबाहेर ढोल वाजत होता.

"ही काय कांद्याची वखार हाय व्हय?" धाकटे काका म्हणाले.

पोरं खिदळली. माऊली कंपनीत कामाला, त्याने मान तिरकी करून बघितलं. "काका, वखार न्हाई, आमच्या कंपनीचा पेंट शॉप असाच आहे. सेम टू सेम. फक्त धुराडं राहिलंय."

"सयाजी, काच म्हणला होतास ना तू?" कोंडीरामभाऊंनी विचारलं.

सयाजी हसू तसंच ठेवून मोईजच्या कानाशी आला. "काच कुठाय?"

"बसवलीय, शेठ."

"कुठं?"

"आतून."

"आतून म्हणजे?"

मोईजने ट्रॉलीकडे पाहिलं. फ्लेक्सवर खरंच कुठे काच नव्हती. उन्हात बघितल्यावर तो करडेपणा लेपाचाही वाटत नव्हता, सिमेंटचा वाटत होता. आणि काच तर त्याने स्वतः लावली होती, एकेक भिंत विरताना स्वतः पाहिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही एकत्र राहात नव्हत्या. त्याला गोदामाचं शटर दिसू लागलं.

तेवढ्यात सगुणाबाई पुढे आल्या. कोंडीरामभाऊंच्या कारभारीण, मघापासून चुलीकडे होत्या, हाताला पीठ. "मला तर ब्येस वाटतंय," त्या म्हणाल्या. "चांगली भरभक्कम भिंत हाय. काच काच काय लावलंय मघाधरनं? ऱ्हायाचं आमाला हाय. आमी काय शोकेसात बसायचं व्हय?"

"अगं, आत्ताच्या काळात काचच लावत्यात," कोंडीरामभाऊ म्हणाले.

"लावू द्या की. त्यांच्यात कोण जेवाय बसतंय ते समद्या रस्त्याला दिसत आसंल."

सयाजीने सोबत आणलेला लॅपटॉप आणि माउस मोईजच्या पुढ्यात सरकवला. "दाखव. काय असेल ते दाखव, राव. इथं उभं राहून घाम पुसू नको."

मोईजने खाटेवर लॅपटॉप ठेवला. बाहेरून ठोकळा फिरवला, सगळीकडून भिंतच. मग घाईत चाक जास्त फिरलं आणि सगळे त्याच्यासकट आत गेले. चहूबाजूंनी काच आणि काचेपलीकडे जमीन.

"थांब, थांब," सगुणाबाई वाकल्या. पिठाचं बोट त्यांनी स्क्रीनला टेकवलं. "ही आपली हीर न्हवं का?"

"व्हय की," कोंडीरामभाऊ चष्मा सारखा करत म्हणाले. "आन ही मोटंची वाट."

"ह्यो हिरवा ठिपका म्हंजी जांभूळ. आत्याबाईंनी लावल्याला." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "घरात बसल्या बसल्या दिसतंय समदं." मग त्यांनी ट्रॉलीवरच्या फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा लॅपटॉपकडे. "मला आसंच पायजे. आतनं काच आन भाईरनं भिंत."

सयाजीने मोईजच्या पायावर हळूच पाय दिला. "होतं ना, मोईज? चकाकणारी काच लावली की आतल्यांना बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्यांना काही नाही. सांग त्यांना."

आता मोईजने नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हणण्यावर खुर्ची होती. पण त्याचं डोकं आधीच इतकं भोवंडलं होतं की निदान ठाऊक असलेली एक गोष्ट हाताशी आल्याबरोबर त्याने ती बोलून टाकली.

"दिवसा होतं, काकी. संध्याकाळी आत दिवा लावला की उलटं. मग बाहेरचे बघतात आणि आतल्यांना आपलंच तोंड दिसतं."

सयाजीने पाय काढून घेतला.

सगुणाबाईंनी मात्र क्षणभरही विचार केला नाही. "मंग सांच्याला पडदं लावू."

"काचंला पडदंच लावायचं तर काच कशापायी?" कोंडीरामभाऊ.

"दिवसा बघायपायी!"

"आन गिऱ्हाईक? खालच्या शोरूमवाल्याला काच लागतीया."

"खाली लावा की. मी कुठं खाली निजायला येतेय?"

मग धाकटे काका म्हणाले, विहिरीकडची बाजू आपल्या वाट्याला येते, तिकडे काच लावली तर आपल्याला भिंत उरणार कुठं? मधले म्हणाले, वाटे अजून पडायचेत. माऊली म्हणाला, "पप्पा, काच लावली तर एसीचं बिल बघा." एकाच ठोकळ्यावर पाच जण पाच इमारती बांधू लागले. मोईज चाक फिरवून त्यांना कधी आत नेई, कधी बाहेर आणी, आणि आपण नक्की काय दाखवतोय हे त्यालाच कळत नव्हतं. शेवटी जेवणाची हाक आली आणि सगळे उठले.

निघताना सयाजीने धीर करून विचारलं, "मग भाऊ, पसंत समजू का?"

कोंडीरामभाऊंनी फ्लेक्सची गुंडाळी त्याच्या हातात दिली. "पसंत हाय की. पर हे न्हाई."

परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात ट्रकांमागे ट्रक उभे होते. पिकअप मुंगीच्या गतीने सरकत होता. सयाजी बराच वेळ स्टेअरिंगवर बोटं वाजवत राहिला.

"पसंत आहे म्हणाले."

"हो शेठ."

"पण हे नाही म्हणाले."

"हो शेठ."

"मग हे म्हणजे काय? फ्लेक्स नाही, की काच नाही, की आपण नाही?"

मोईजने पुढच्या ट्रककडे पाहिलं. त्याने विचारलं, "मग मी सोमवारी..."

"मी म्हणालो होतो, पसंत केलं तर खुर्ची. आता त्यांनी पसंत केलंय का, सांग बरं. तूच सांग."

"मला नाही कळत, शेठ."

"मला तरी कुठं कळतंय, राव?" पुढचा ट्रक हलला. "सोमवारी ये. बघू."

शनिवारी मिनल सामान न्यायला आली. नोकरी पक्की झाली होती. तिने कोंडीरामभाऊंचा ठोकळा उघडला, एकदा बाहेरून पाहिला, एकदा आतून, आणि कपाळाला हात लावला. "मोईजभाई, इथे भिंतीच्या प्रत्येक बाजूला दोन तोंडं असतात. आतलं वेगळं, बाहेरचं वेगळं. तुम्ही आतल्या तोंडाला काच लावली. बाहेरचं राखाडीच राहिलं."

"पण काच तर एकच असते ना?"

"इथे नाही."

"म्हणजे एकाच जागी आतून काच आणि बाहेरून भिंत?"

"हो. इथे होतं."

सगुणाबाईंना हवं होतं ते जगात फक्त इथे होतं, आणि ते चुकीचं होतं. मिनलने त्याला बाहेरून कसं लावायचं ते पुन्हा दाखवलं, दोनदा त्याच्याकडून करून घेतलं. जाताना म्हणाली, "चित्र तयार झालं की एकदा मला पाठवत जा. लाजू नका." त्याने मान हलवली. पाठवायला आपण इथे असू का, हे मात्र विचारलं नाही.

सोमवारी तो दुकानाशी आला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबला. वर जावं तर कुणी बोलावलेलं नव्हतं. दारात गोदामाला निघालेला पिकअप उभा होता. ड्रायव्हरने विचारलं, "येतोस का रे? जागा आहे पुढं." मोईजने वर बघितलं, पिकअपकडे बघितलं. सिदराने सकाळी डब्याच्या पिशवीत मऊ फडकं धुऊन घातलं होतं, ते स्क्रीनसाठी की गोदामातल्या टेबलासाठी, तेही तिने सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मोईजने पिकअपच्या दारावर हात ठेवला.

वरची खिडकी उघडली. सयाजी फोन कानाला लावूनच बाहेर वाकला. "ए मोईज! खाली काय करतोस? कोंडीरामभाऊ फोनवर आहेत. वरच्या मजल्यांची रस्त्याकडची काच काढ म्हणतात, भिंत कर म्हणतात. शेताकडची राहू दे. ये वर पटकन!"

"मी?"

"नाहीतर कोण, मिनल? ती पोचली बंगळुरूला!"

पिकअप निघून गेला. मोईज जिना चढून वर आला. मिनलची खुर्ची मोकळी होती, टेबलावर धूळ बसू लागली होती. तो बसला. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्याने हात मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. खुर्ची मिळाली होती, ती काच काढण्यासाठी. याला मिळणं म्हणायचं का, हे विचारायला समोर कुणी नव्हतं.

ठोकळा उघडला. या वेळी तो बाहेरच थांबला. रस्त्याकडची बाजू निवडली, शोरूमच्या वर एक आडवी रेघ मारली, वरचा भाग निवडला, विटांच्या चौकोनावर दाबलं. बाहेरून वीट आली. मग मिनलने दाखवल्याप्रमाणे आतल्या तोंडालाही वीट लावली, दोनदा बघून खात्री केली. खालची काच बाहेरच्या तोंडालाही लावून घेतली. शेताकडे काच होती, ती दोन्ही बाजूंनी काच केली. घड्याळाकडे बघावं इतकाही वेळ गेला नव्हता.

एवढी भिंत बांधायला चार माणसं आणि महिना लागला असता. एवढी काच उतरवायला क्रेन. त्याचा खांदा दुखत नव्हता, शर्ट कोरडा होता, नखात काचेच्या सांध्यांत भरायचं सिलिकॉन नव्हतं. तो हातांकडे बघत राहिला.

"झालं का रे?" बाहेरच्या खोलीतून सयाजीने हाक मारली.

इतक्यात झालं म्हटलं तर शेठना वाटेल, यात काही कामच नाही. नाही म्हटलं तर वाटेल, येत नाही. मोईजने माउस हातात घेतला आणि ठोकळा हळूहळू फिरवायला सुरुवात केली, रस्त्याकडून शेताकडे.

"चालू आहे, शेठ," तो म्हणाला.